सुंतेची शस्त्रक्रिया : गरज, तयारी आणि नंतरची काळजी

(संस्थेच्या वार्षिक सभेत विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर आपल्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



या व्यासपीठावरून हृदयरोग, मोतीबिंदू, डायलिसिस अशा विषयांवर व्याख्याने होतात आणि ती व्हायलाच हवीत. यंदा मला बोलावणे आले तेव्हा मी मुद्दाम असा विषय मागून घेतला, की ज्याचे नाव केसपेपर काढताना खिडकीपाशी उच्चारायलाही माणसे संकोचतात. "काय त्रास आहे?" असे विचारले, तर "डॉक्टरांनाच सांगतो" एवढेच उत्तर येते. विषय आहे सुंतेच्या शस्त्रक्रियेचा.

शिश्नाच्या टोकावर जी सैल त्वचा असते तिला अग्रत्वचा म्हणतात. ती काढून टाकणे म्हणजे सुंता. शस्त्रक्रिया लहान आहे. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. तरीही तिच्याविषयी समाजात जेवढे गैरसमज आहेत, तेवढे एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेविषयीही क्वचितच आढळतात. गरज नसताना ती करून घेण्याचा आग्रह होतो आणि गरज असताना लाजेपोटी ती वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. या दोन्ही टोकांमुळे होणारे नुकसान टाळणे हे धर्मादाय रुग्णालयाचे काम आहे, असे माझे मत आहे.

प्राचीन परंपरा

ही शस्त्रक्रिया मानवाने केलेल्या अतिप्राचीन शस्त्रक्रियांपैकी एक आहे. इजिप्तमधील सक्कारा येथे अंखमाहोर याच्या थडग्यात सुंतेचे शिल्पचित्र कोरलेले असून ते सुमारे ४३०० वर्षांपूर्वीचे मानले जाते. यहुदी धर्मात मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता करतात. आपल्या कोकणकिनाऱ्यावर, अलिबागच्या परिसरात शतकानुशतके राहिलेल्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजानेही हा विधी पिढ्यान्‌पिढ्या जपला. मुस्लिम समाजात खतना अथवा सुन्नत या नावाने तो धर्माचरणाचा भाग आहे.

आपल्या आयुर्वेदातही या जागेच्या विकारांचा विचार झालेला आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात 'निरुद्धप्रकश' असा विकार सांगितला आहे. त्यात अग्रत्वचेचे तोंड आवळते आणि लघवीची धार बारीक होते. त्यावर तूप लावलेली नळी आत घालावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरून मार्ग हळूहळू रुंद करावा, असा उपाय तेथे आहे. मागे सरकलेली त्वचा अडकून बसणे यास 'परिवर्तिका' हे नाव आहे आणि तूप लावून, शेक देऊन ती हलकेच पुढे आणावी, असे सांगितले आहे. सुश्रुतांचा पहिला कल कापण्याकडे नव्हता, ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

निसर्गाला वेळ द्यावा

आमच्याकडे येणाऱ्या पालकांची सर्वांत नेहमीची तक्रार अशी असते : "मुलाची कातडी मागे जात नाही आणि शू करताना फुगा येतो." मूल दोन-तीन वर्षांचे असते. कोणीतरी सांगितलेले असते की आता ऑपरेशनच करावे लागेल.

वस्तुस्थिती वेगळी आहे. जन्मतः अग्रत्वचा आतील शिश्नमुंडाला चिकटलेलीच असते. वाढीबरोबर ती आपोआप सुटत जाते. १९४९ साली डग्लस गेअर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या विषयावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. नवजात मुलांपैकी अवघ्या ४ टक्के मुलांची त्वचा पूर्ण मागे जाते, पहिल्या वाढदिवसापर्यंत निम्म्या मुलांची आणि तीन वर्षांपर्यंत सुमारे ९० टक्के मुलांची, असे त्यांना आढळले. त्याच लेखात त्यांनी दाखवून दिले, की त्या काळी इंग्लंड व वेल्समध्ये या शस्त्रक्रियेपायी वर्षाला सुमारे १६ बालके दगावत होती, आणि त्यांतील बहुतेकांना तिची गरजच नव्हती. १९६८ साली डेन्मार्कमधील याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून निष्कर्ष मांडले. सहा-सात वर्षांच्या मुलांत त्वचेचे तोंड आवळलेली मुले ८ टक्के होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १ टक्क्यावर आले होते. अधल्यामधल्या काळात निसर्गानेच काम केले होते.

म्हणून माता-भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे, की आंघोळ घालताना मुलाची कातडी जोर लावून मागे ओढू नये. ओढल्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो आणि जी त्वचा आपोआप सुटली असती ती खरोखरीच आवळून बसते. बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे आहे. त्वचेखाली कधीकधी पांढरट, मोत्यासारखे कण दिसतात. तो पू नसतो. सुटत चाललेल्या त्वचेचा तो साका असतो. लघवी करताना येणारा फुगाही, धार चांगली असेल आणि मुलाला वेदना होत नसतील, तर केवळ तेवढ्यासाठी शस्त्रक्रिया मागत नाही.

शस्त्रक्रिया कोणाला आवश्यक

काही मुलांना मात्र उपचार लागतात. त्वचेचे तोंड मोठ्या वयातही घट्ट राहिले, तर प्रथम स्टिरॉइडयुक्त मलम दिवसातून दोनदा, साधारण चार ते आठ आठवडे लावण्यास देतो. बहुसंख्य मुले एवढ्यानेच बरी होतात. मलम संपले की काम संपले, असा याचा अर्थ नाही. स्वच्छतेची सवय पुढेही राहावी लागते, नाहीतर तोंड पुन्हा आवळू शकते.

त्वचेच्या कडेला पांढरे, कडक कडे तयार झाले असेल, तर तो एका विशिष्ट त्वचारोगाचा परिणाम असतो. हा रोग लघवीच्या छिद्रापर्यंत पसरू शकतो. अशा मुलांत सुंता हाच योग्य उपाय आहे आणि काढलेली त्वचा तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली जाते. वारंवार सूज व पू होणे, त्वचा मागे अडकून बसण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा येणे, तसेच मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषामुळे लघवीचा संसर्ग वरचेवर होऊन मूत्रपिंडाला धोका असणे, हीही सबळ कारणे आहेत.

त्वचा मागे जाऊन अडकली आणि टोक सुजू लागले, तर मात्र घरी वाट पाहू नये. काही तासांतच रुग्णालय गाठावे. हा प्रसंग केवळ मुलांवर येतो असे नाही. अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची स्वच्छता करताना किंवा लघवीची नळी घातल्यानंतर मागे केलेली त्वचा पुढे आणायची राहून जाते आणि दुसऱ्या दिवशी मोठी सूज दिसते. घरी रुग्णसेवा करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट स्मरणात ठेवली, तरी अनेकांचा त्रास वाचेल.

कोणाची सुंता करू नये

काही मुलांमध्ये लघवीचे छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूला असते. साधारण तीनशे मुलांमागे एकात आढळणारा हा जन्मजात दोष आहे. तो दुरुस्त करताना नवा मूत्रमार्ग घडवण्यासाठी बहुधा हीच अग्रत्वचा वापरावी लागते. ती आधीच काढून टाकलेली असेल, तर पुढील शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. म्हणून सुंता धार्मिक कारणाने करावयाची असली, तरी आधी जाणकाराने मुलाची तपासणी करणे अत्यावश्यक आहे.

दुसरी गोष्ट रक्तस्रावाची. हिमोफिलिया या आजारात रक्त गोठत नाही. तो मुलाला बहुधा आईकडून येतो. आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. यासाठी आम्ही आईला आवर्जून विचारतो : "बाळाच्या मामाला कधी जखमेतून फार रक्त गेले होते का? बाळाची नाळ पडताना, लस टोचल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का?" हे प्रश्न काहींना अप्रस्तुत वाटतात. पण एका प्रामाणिक उत्तराने मुलाचा जीव वाचू शकतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

मुलांना ही शस्त्रक्रिया भूल देऊन करतात. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे हवे. जेवण अथवा वरचे दूध सहा तास आधी, अंगावरचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करावे. "लेकरू रडत होते म्हणून एकच बिस्कीट दिले" असे सांगणारे नातेवाईक दर आठवड्याला भेटतात. ते एक बिस्कीट उलटीवाटे श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून अशा वेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. त्याबद्दल रोष धरू नये. खोकला, ताप असेल तर तोही लपवू नये.

मुलाला "फिरायला जाऊ या" असे खोटे सांगून आणू नये. कळत्या वयाच्या मुलाला साध्या शब्दांत सांगावे, की तू झोपशील, झोपेत डॉक्टर जागा नीट करतील, जागा झाल्यावर थोडे दुखेल आणि आई-बाबा जवळ असतील. खरे सांगितलेली मुले नंतर मलमपट्टीलाही सहकार्य करतात.

शस्त्रक्रियेला साधारण अर्धा तास लागतो. भूलतज्ज्ञ पूर्ण भुलीबरोबरच त्या जागेच्या शिरा बधिर करणारे इंजेक्शन देतात. त्यामुळे जागा झाल्यावरही काही तास वेदना जाणवत नाही. जादा त्वचा काढून कडा बारीक, विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडतात. टाके काढावे लागत नाहीत. एक ते तीन आठवड्यांत ते गळून पडतात. तान्ह्या बाळांमध्ये काही वेळा प्लॅस्टिकचे कडे वापरतात; ते पाच ते दहा दिवसांत आपोआप गळते. प्रौढांमध्ये जागा बधिर करूनही शस्त्रक्रिया होऊ शकते. अलीकडे लेसर, स्टेपलर अशा साधनांच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. साधन कोणतेही असो, तपासणी, निर्जंतुक उपकरणे, अनुभवी हात आणि नंतरची देखरेख यांना पर्याय नाही.

घरी गेल्यानंतर

नातेवाइकांचे सर्वाधिक प्रश्न या टप्प्यावर असतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पहिल्या दिवशी पट्टीवर रक्ताचे एक-दोन डाग दिसणे स्वाभाविक आहे. पहिली लघवी करताना जळजळते, म्हणून मूल ती रोखून धरते. भरपूर पाणी पाजावे; कोमट पाणी वरून सोडत लघवी करू दिल्यास सोपे जाते. वेदनाशामक औषध रडू आल्यावर देण्यापेक्षा पहिले दोन दिवस ठरलेल्या वेळी द्यावे. मुलांना अॅस्पिरिन देऊ नये.

पट्टी साधारणतः एक-दोन दिवसांत काढतात. नंतरचे दोन-तीन दिवस सूज वाढल्यासारखी दिसते आणि उघड्या झालेल्या भागावर ओलसर, पिवळसर पापुद्रा धरतो. हा पापुद्रा पाहून "पू झाला" म्हणून रात्री अपरात्री धावत येणारे पालक पुष्कळ असतात. तो पू नसून जखम भरण्याचीच खूण आहे. तो खरवडून काढू नये. सांगितलेले मलम किंवा पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे कपडा चिकटत नाही. हळद, राख, टूथपेस्ट, पावडर यांपैकी काहीही लावू नये. चड्डीऐवजी सैल लेंगा, लुंगी किंवा झबले बरे. आठवड्याभराने शाळा सुरू करता येते; सायकल, पोहणे, दंगामस्ती दोन-तीन आठवड्यांनी. प्रौढांनी शरीरसंबंध चार ते सहा आठवडे टाळावेत. त्यांना पहिले काही दिवस पहाटेच्या वेळी ताण येऊन दुखते. ते हळूहळू कमी होते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र वेळ न दवडता यावे : पट्टी भिजून रक्त ठिबकत राहणे, दहा-बारा तासांत लघवी न होणे, टोक काळे-निळे पडणे, दुर्गंधीयुक्त स्राव, चढता ताप, किंवा प्लॅस्टिकचे कडे मागे सरकून रुतणे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लघवीची धार बारीक होऊन वरच्या दिशेने उडू लागली, तर छिद्र आवळत असण्याची शक्यता असते. तेव्हाही दाखवून घ्यावे.

प्रौढांसाठी दोन शब्द

पन्नाशीतील एखाद्या गृहस्थाच्या अग्रत्वचेला अचानक चिरा पडू लागल्या, खाज व पांढरा थर येऊ लागला, तर आम्ही प्रथम रक्तातील साखर तपासतो. कित्येकांचा मधुमेह अशा रीतीनेच प्रथम उघडकीस येतो. मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्यांमुळेही या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. साखर आटोक्यात आली, की अनेकांची शस्त्रक्रिया टळते.

याहून गंभीर विकार म्हणजे या अवयवाचा कर्करोग. पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो अधिक आढळतो. घट्ट त्वचेखाली साचणारा मळ, दीर्घकाळची सूज, विशिष्ट विषाणूंचा संसर्ग आणि तंबाखू ही त्याची प्रमुख कारणे होत. सत्तरीतील एक शेतकरी माझ्याकडे आले, तेव्हा त्वचेखालची गाठ दीड वर्षाची होती. घरात मुले, सुना, नातवंडे, "दाखवायचे कोणाला?" असे ते म्हणाले. आधी आले असते तर सुंतेवर भागण्याची शक्यता होती; प्रत्यक्षात अवयवाचा मोठा भाग काढावा लागला. वेदना नाही म्हणून रोग नाही असे मानू नये. त्वचेखाली गाठ, न भरणारी जखम किंवा रक्तमिश्रित स्राव असेल, तर महिनाभरही थांबू नये.

सुंतेमुळे एड्सपासून संरक्षण मिळते का, असेही विचारले जाते. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील २००५ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत पुरुषांना स्त्रीसंबंधातून होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले आणि त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली लागण फार मोठ्या प्रमाणावर असलेल्या प्रदेशांसाठी शिफारस केली. हे संरक्षण अपुरे आहे. सुंता झाली म्हणून निरोधची गरज संपत नाही.

धर्माचरण आणि सुरक्षितता

आपल्या रुग्णालयात धार्मिक कारणाने सुंतेसाठी येणारी कुटुंबेही आहेत. विशेषतः दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची संख्या वाढते. विधीविषयी मत देणे हे आमचे काम नाही. बाळ सुखरूप राहावे, ही त्यांची आणि आमची इच्छा एकच आहे. पूर्वीच्या हज्जामांपैकी अनेकांचे हात निष्णात होते. तथापि हाताचे कौशल्य रक्ताचा दोष ओळखू शकत नाही किंवा वस्तऱ्यावरचे जंतू पाहू शकत नाही. घरातील आजी-आजोबांना हे आदराने समजावून सांगितले, तर ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे. दुवा पढावयाची असेल तर आम्ही थांबतो. त्याने शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक बिघडत नाही.

देणगीदारांस विनंती

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात; एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. याव्यतिरिक्त जे होते ते आपल्या देणगीतून. काही दाते मोठ्या सद्भावनेने विचारतात, "एका दिवसात शंभर मुलांचे शिबिर घ्या, खर्च आम्ही देतो." त्यांच्या भावनेचा पूर्ण आदर राखून मी सुचवतो, की शिबिर अवश्य घ्यावे, पण ते प्रथम तपासणीचे असावे. शस्त्रक्रिया एका दिवशी तेवढ्याच ठेवाव्यात, जेवढ्या मुलांवर आमच्या परिचारिका रात्रभर नजर ठेवू शकतील आणि जेवढी मुले आठवड्याने पुन्हा पाहता येतील.

आपल्या वार्षिक अहवालात झालेल्या शस्त्रक्रियांचा आकडा छापला जातो. ज्या मुलाला मलमाची नळी देऊन परत पाठवले, ज्याच्या आईला पंधरा मिनिटे बसवून "काळजीचे कारण नाही" असे समजावले, ज्याचा जन्मजात दोष वेळीच लक्षात आल्याने सुंता थांबवली, त्या मुलांसाठी अहवालात रकाना नाही. त्या कामालाही डॉक्टरांचा वेळ लागतो, तपासणीची खोली लागते, रक्ततपासणीचा खर्च येतो. मात्र त्याचे बिल होत नाही. विश्वस्त मंडळाने पुढील वर्षीपासून 'विनाशस्त्रक्रिया बरे झालेले रुग्ण' असा एक रकाना अहवालात घालावा, अशी मी या निमित्ताने विनंती करतो. तो आकडा वाढला, तर आपली देणगी वाया गेली असे कोणी समजू नये.

आणि येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला एवढेच सांगतो : या विषयाचा संकोच घराच्या उंबऱ्यापर्यंत ठेवावा, दवाखान्याच्या दारात तो सोडून यावे. तपासणीच्या खोलीत पडदा आहे, आणि तेथे झालेले बोलणे बाहेर जात नाही.